खाकीचं जाड पान

मित्रांनो, मला हातात घेतलंत तर आधी वाफेचा वास येईल, मग साबणाचा, आणि अगदी शेवटी कागदाचा. दचकू नका, मी पुस्तकच आहे. फक्त माझं जवळजवळ सारं आयुष्य एका लाँड्रीत गेलं. पाठीवरची सोनेरी अक्षरं केव्हाच झिजली. बांधणी खाकी कापडाची, म्हणून इथली मंडळी मला 'खाकी' म्हणतात. आता कोणी खऱ्या नावाने हाक मारली तर मी ओसुद्धा देणार नाही.

मला लिहिलं एका निवृत्त कमांडो अधिकाऱ्यांनी. साहेबांनी आयुष्यभर दुसऱ्यांना हुकूम सोडले, पण मला लिहिताना त्यांचा हात अडायचा. विशेषतः एकशे बारा ते एकशे पंधरा ही चार पानं. तेवढ्या मजकुरासाठी त्यांनी एक अख्खा हिवाळा खिडकीपाशी बसून काढला. सात जणांची एक तुकडी, एक नदी आणि एक पहाट, एवढीच ती हकीकत होती. पुढे एका लहानशा छापखान्यात माझ्या थोड्याच प्रती निघाल्या आणि तो छापखानाही बंद पडला.

एका सकाळी साहेबांनी मला कोटाच्या खिशात घातलं आणि ते एका अरुंद गल्लीत आले. तिथे एक चष्म्याचं दुकान होतं. काचेपलीकडे एक म्हातारे गृहस्थ मान खाली घालून भिंगं पुसत होते. साहेब बाहेर उभे राहिले. खिशात त्यांचा हात माझ्यावर होता आणि त्याला घाम सुटला होता. किती वेळ उभे होते कोण जाणे. मग ते वळले, शेजारच्या लाँड्रीत शिरले, कोट काढून काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "इस्त्री करून ठेवा." ते परत कधीच आले नाहीत.

मला त्या चष्म्याच्या दुकानात जायचं होतं, मित्रांनो! मध्ये एकच भिंत होती. ती ओलांडायला मला बारा वर्षं लागली.

लाँड्री होती मावशींची. मावशी म्हणजे दणकट बाई. इस्त्री उचलली की समोरच्याने गप्प बसायचं. कोटाच्या खिशात मी सापडलो तेव्हा त्यांनी मला उलटंपालटं करून पाहिलं आणि शेजारी हाक मारली, "अहो आजोबा, हे बघा काय घबाड! लढाईचं पुस्तक. दुपारी वाचून दाखवाल का? माझे हात रिकामे नसतात, कान असतात."

चष्मेवाले आजोबा आले. माझं तर काळीज धडधडायला लागलं. पुस्तकाला काळीज नसतं असं तुम्ही म्हणाल, म्हणा बापडे.

पहिल्या शंभर पानांत 'मुंगी' नावाचा एक जवान आहे. तुकडीत सगळ्यांना टोपणनावंच होती. हा सगळ्यांत लहानखुरा, पण स्वतःपेक्षा मोठं ओझं उचलायचा म्हणून मुंगी. तो साहेबांच्या डब्यातली बिस्किटं पळवायचा आणि रिकाम्या डब्यात आभाराची चिठ्ठी ठेवायचा. पॅराशूटने उतरताना गाणी म्हणायचा. मुंगीचं नाव येताच आजोबांचा आवाज अडखळला. त्यांच्या धाकट्याने पत्रात लिहिलं होतं, 'बाबा, इथे मला मुंगी म्हणतात.' तो धाकटा पुढे परत आला नाही. कर्तव्यावर असताना गेला, एवढंच सरकारी कागदात होतं. आजोबांनी हे मावशींना सांगितलं नाही. वाचत राहिले. रोज दुपारी एवढंसं हसू घेऊन घरी जायचे.

मग एकशे बारावं पान आलं. मावशी कपडे पोचवायला गेल्या होत्या. आजोबा एकटेच मनात वाचत होते. नदीकाठी मुंगी वाळूत बसतो आणि रडतो. म्हणतो, 'साहेब, दुसरं काहीही सांगा, पाणी नको.' एकशे तेराव्या पानाची शेवटची ओळ अशी आहे: 'माझ्या तोंडून शब्द निघून गेला, भित्रा.'

आजोबांनी चष्मा काढला. काचा ओल्या झाल्या होत्या. ते पुटपुटले, "मीही हेच म्हणालो होतो रे." धाकटा सात वर्षांचा असताना त्यांनी त्याला पोहायच्या तलावात ढकललं होतं. पोर किंचाळत बाहेर आलं आणि बाप चार लोकांत ओरडला होता, 'भित्रट कुठला!'

टेबलावर मावशींची खळ होती, कपडे कडक करायची, नीळ टाकलेली. आजोबांनी बोट बुडवलं. एकशे बारा आणि एकशे तेरा एकमेकांना चिकटवली. तेवढ्याने भागेना म्हणून पान उलटून मागची एकशे चौदा आणि एकशे पंधराही चिकटवली. डोळ्यांवर चष्मा नव्हता, डोळ्यांत पाणी होतं. मागे काय छापलंय त्यातलं एक अक्षर त्यांना दिसलं नाही.

मी ओरडत होतो, "अहो, वाचा! मागे वाचा!" पण पुस्तकाची ओरड कोणाला ऐकू जाते?

मावशी आल्यावर ते म्हणाले, "छापखान्याचा गाढवपणा. पानं चिकटलीत." आणि माझ्या पोटात ते जाड पान कायमचं बसलं.

पुढे मावशींनी माझी गोष्ट गिऱ्हाइकांना सांगितली आणि हळूहळू मंडळ जमलं. युनिफॉर्म टाकायला येणारे बसचे ड्रायव्हरदादा आले. शाळेतल्या भूगोलाच्या बाई आल्या. रविवारी लाँड्री बंद, शटर अर्धं खाली, किटलीत चहा. चौघं जण इस्त्रीच्या टेबलाभोवती बसायचे. पाणबुडीतल्या नाविकांच्या आठवणी, बर्फातल्या चौक्यांवरच्या, छत्रीधारी सैनिकांच्या, काय काय पुस्तकं तिथे आली आणि गेली! "हे ऐका, हे ऐका" म्हणत एकमेकांच्या हातातून ओढाओढ चालायची. कोणती गाठ दोराला धरते यावर बाई आणि दादा तासभर भांडायचे आणि मावशींच्या कपडे वाळत घालायच्या दोरीची पार वाट लावायचे. पण दरवर्षी एकदा माझी पाळी यायचीच.

माझी एक खास रीत होती. एकशे अकराव्या पानावर सात जण पहाटे नदीशी पोचतात. मग जाड पान. एकशे सोळाव्यावर पलीकडच्या काठी सहा जण कपडे पिळत बसलेले. मुंगीचं नाव पुढे कुठेच नाही. म्हणून एकशे अकरा झालं की मला टेबलावर पालथं ठेवायचं आणि प्रत्येकाने आपापली नदी ओलांडायची, म्हणजे मधे काय झालं ते रचून सांगायचं. गेल्या वर्षीची गोष्ट पुन्हा सांगायची नाही, हा नियम.

काय सुंदर दुपारी होत्या त्या! दोरीवर टांगलेले शर्ट हलायचे, वाफ छताशी तरंगायची, आणि खोलीत खरंच नदी शिरल्यासारखं वाटायचं. बाई इस्त्रीच्या चादरीवर खडूने नदीचं वळण काढायच्या आणि मावशी ओरडायच्या, "बाई, धुणार कोण ते?" दादा हँगरची बंदूक करून टेबलाखालून सरपटायचे, एकदा खळीच्या पातेल्यात कोपर घालून पांढरे झाले. मावशींचा मुंगी दर खेपेला पलीकडच्या नव्या गावात राहायचा आणि तिथे लाँड्री काढायचा. बाईंचा मुंगी प्रवाहासोबत वाहत समुद्रापर्यंत जायचा आणि एखाद्या बेटावर उतरायचा. दादा मात्र दरवर्षी शेवटी हसत म्हणायचे, "मला विचाराल तर पळाला बेटा! कमांडो असून पळाला!"

आजोबा कपाकडे बघायचे. त्यांची पाळी आली की म्हणायचे, "माझी नदी पुढच्या वर्षी." तरी एकही रविवार चुकवायचे नाहीत. पहिल्या शंभर पानांतला मुंगी त्यांना ऐकायचा असायचा. बिस्किटांच्या डब्याची हकीकत बाई वाचायच्या तेव्हा ते डोळे मिटायचे, आणि मी शक्य तितकं हळू उलटायचो.

बाराव्या वर्षी मावशींनी नवी वाफेची इस्त्री घेतली. त्याच रविवारी त्यांनी मला उजेडात धरलं आणि जाड पानाच्या कडेवर नख फिरवलं.

"अगं बाई! ही तर निळसर आहे. ही माझीच खळ!"

"म्हणजे छापखाना नाही?" बाई म्हणाल्या.

"छापखान्यात कुठली आलीय नीळ? आणि खळ म्हणजे वाफेने सुटणार. दादा, इस्त्री लाव."

आजोबांनी कप बाजूला सारला. "राहू दे ना," ते म्हणाले. "पान उघडलं तर आपला खेळ मोडेल."

"अहो आजोबा, बारा वर्षं जीव टांगणीला लागलाय," दादा म्हणाले. "तुम्हाला नाही का वाटत बघावंसं, कुठे पळाला ते?"

मावशींनी आधीच ओलं फडकं पसरून वरून वाफ सोडली होती. माझ्या अंगात बारा वर्षांचा कडकपणा होता, तो सुटायला लागला. पान हळूच उचकटलं. बाईंनी चष्मा सावरला आणि तोंड उघडलं, एवढ्यात आजोबा उठून उभे राहिले.

"थांबा. तुमच्या तोंडून ऐकण्यापेक्षा मीच सांगतो. खळ मी लावली. मुंगी माझा धाकटा. तो त्या नदीकाठी रडत बसला होता. माझं पोर भ्यायलं, आणि ते चारचौघांत कळू नये म्हणून मी पान चिकटवलं."

दादांच्या हातातला हँगर खाली पडला. "आजोबा... मी दरवर्षी... अहो, मला कुठे ठाऊक होतं!"

मावशींनी इस्त्री बाजूला ठेवली. "आजोबा, तुम्ही म्हणाल तर आत्ता पुन्हा चिकटवते. खळ तयार आहे. कोणी वाचणार नाही. माझा शब्द."

आजोबा कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिले. मीही त्यांच्याकडे बघत होतो. इतकी वर्षं ज्यांच्यासाठी थांबलो ते माझ्यापासून हातभर अंतरावर होते, आणि ते नको म्हणाले असते तर मी पुन्हा मिटलो असतो, कायमचा. मला फार भीती वाटली, मित्रांनो.

"वाचा," आजोबा म्हणाले. "त्याचं आहे, तर रडणंही वाचा."

बाईंनी वाचलं. वाळू, रडणं, 'पाणी नको', आणि तो शब्द. आजोबांनी मान हलवली. "बास. एवढंच आहे."

"आजोबा," बाई म्हणाल्या, "मागे अजून आहे."

"मागे?"

बाईंनी पान उलटलं.

'मुंगी उठला,' साहेबांनी लिहिलं होतं. 'डोळे पुसले आणि दोर स्वतःच्या कमरेला बांधला. दोर घेऊन आधी हलकाच माणूस जायला हवा, आणि त्याच्याइतका हलका आमच्यात कोणी नव्हता. तो रडत पाण्यात शिरला, रडतच पलीकडे पोचला. तिथे झाड नव्हतं, खडक नव्हता. त्याने दोर अंगाभोवती गुंडाळला आणि टाचा चिखलात रोवल्या. त्या दोरावर आम्ही सहा जण आलो. मी शेवटचा. मधोमध वरून लोंढा आला. त्याने मला काठापर्यंत ओढलं, वर ढकललं, आणि त्याचा पाय सुटला.'

बाईंनी मला मावशींकडे सरकवलं. एकशे पंधरावं पान मावशींनी धरलं, पण त्यांनाही वाचवेना. शेवटी दादांनी वाचलं, शाळेतल्या मुलासारखं शब्दाशब्दावर थांबत: 'त्याच्या घरचा पत्ता माझ्याकडे आहे. वडील चष्मे करतात. अनेकदा दारापर्यंत जाऊन परत आलो. भित्रा कोण, ते मला त्या पहाटे कळलं.'

आजोबांनी मला दोन्ही हातांनी उचललं आणि छातीशी धरलं. ते रडले, मोठ्याने, लाज न बाळगता. "रडत गेला," ते म्हणत होते. "भीती वाटत होती, तरी गेला. बाळा, मी मागचं वाचलंच नाही रे!"

मावशींनी कपाटातून साहेबांचा तो जुना कोट काढला, अजून हँगरवर होता, आणि आजोबांच्या खांद्यावर घातला. दादा हलकेच म्हणाले, "आजोबा, मला पोहता येत नाही. पुलावरून बस नेताना अजून घाम फुटतो. आजवर कोणाला बोललो नाही." आजोबांनी त्यांच्या गालावर हात ठेवला.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा ती भिंत ओलांडली आणि चष्म्याच्या दुकानात गेलो. आता मी तिथेच राहतो, भिंगांच्या खणाशेजारी. रविवारी आजोबा मला काखेत घेऊन लाँड्रीत येतात.

खेळ मोडला नाही हं! अजूनही एकशे अकरा झालं की मला पालथं ठेवतात. परवा आजोबांनी आपली नदी ओलांडली. त्यांच्या गोष्टीत नदीच नव्हती. पोहायचा तलाव होता. सात वर्षांचा मुलगा काठावर रडत उभा होता, आणि बापाने त्याला ढकललं नाही. बाप आधी स्वतः पाण्यात उतरला, हात पसरले आणि म्हणाला, "भीती वाटते ना? मलाही वाटते. ये."

मित्रांनो, बोट ओलं करून माझी पानं उलटू नका, कोपरे दुमडू नका, वाळवीपासून मला जपा. एवढं तर कोणतंही पुस्तक मागेल. माझी आणखी एकच विनवणी आहे. कोणाबद्दल वाईट वाचलंत, डोळे भरून आले, मिटून टाकावंसं वाटलं, तर चष्मा पुसा, पुन्हा लावा, आणि मागची बाजू वाचा. मी बारा वर्षं तेवढंच ओरडत होतो.