दोन हात अंतर

सारंगनं डोकं देवश्रीच्या छातीवर घासलं आणि ती दोन पावलं मागं सरकत तबेल्याच्या भिंतीला टेकली. तिला हसू आलं. एवढा दांडगा घोडा, पण लळा कुत्र्याच्या पिलासारखा.

"अक्का, स्वल्प लांब उभं रहा," बसवंत दारातून म्हणाला. घोड्यांची निगा तोच राखायचा.

देवश्रीनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. नाशिकहून नोकरीसाठी बेंगळुरूत येऊन तिला वीस वर्षं झाली होती. गेल्या दिवाळीत तिनं येलहंक्यापलीकडच्या या तबेल्यात शर्यतीतून बाद झालेला सारंग विकत घेतला होता. दर रविवारी ती येई. तिच्या अंगावर रेलणारा हा घोडा बसवंतापासून मात्र दोन हात दूर, मान खाली घालून उभा राही. मुकं जनावर उगाच कशाला कुणापासून दूर राहील? तिनं त्याच्या पाठीवरून, पोटाखालून हात फिरवून पाहिला. वळ सापडला नाही. संशय मात्र गेला नाही. शेवटी तिनं तबेल्याचे मालक पुरुषोत्तम यांना कळवलं, की बसवंत घोड्याला मारत असावा.

बुधवारी अर्धी रजा टाकून ती कुणाला न सांगता आली आणि चाऱ्याच्या शेडआड उभी राहिली.

बसवंत खुराकाची बादली घेऊन कुंपणात शिरला. बादली बघून सारंग थेट त्याच्या अंगावर गेला. देवश्रीनं श्वास रोखला. बसवंतानं हात उगारला नाही. तो जागचा हललाही नाही. नुसतं कानडीत म्हणाला, "हिंदे." मागं. सारंग थबकला, मग एक पाऊल मागं गेला. बसवंतानं बादली खाली ठेवली, स्वतः पुढं झाला आणि त्याच्या मानेखाली खाजवू लागला. घोड्याचा खालचा ओठ सैल पडला, डोळे मिटत आले.

देवश्री आडोशातून बाहेर आली. बसवंताला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"या अक्का. साहेबांनी विचारलं मला. मी म्हटलं, त्यांना एकदा बघू दे."

तिचा चेहरा उतरला.

"ह्याचे आधीचे मालक पण असेच लाड करायचे," तो म्हणाला. "ह्यानं मायेनंच ढकललं. ते पडले, खुबा मोडला. मग ह्याला विकलं. अजून कोण पडलं तर ह्याला कोण ठेवून घेणार?"

तेवढ्यात सारंग तिच्याकडं वळला आणि डोक्यानं तिला रेटू लागला. पाय आपोआप मागं जाऊ लागले. तिनं ते रोवले.

"हिंदे," ती म्हणाली. आवाज कापरा होता. सारंग हलला नाही. तिनं पुन्हा म्हटलं, या वेळी न हसता. त्यानं कान टवकारले आणि एक पाऊल मागं घेतलं.

त्या रिकाम्या जागेकडं ती बघत राहिली. धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

"मी पुरुषोत्तमांना आजच फोन करते," ती म्हणाली.

"सरी," बसवंतानं मान डोलावली. "करा सावकाश."

थोड्या वेळानं तिनं हळूच विचारलं, "आता जाऊ का जवळ?"

"मला काय विचारता, अक्का?" बसवंत बादली उचलत म्हणाला. "त्याला विचारा."

देवश्रीनं तळवा पुढं केला आणि तशीच उभी राहिली.