प्लेगच्या कोठीतले नऊ जण

साहेबरावांनी एका पत्राला चार महिने उत्तर दिलं नव्हतं. पत्र पुण्यातल्या एका पर्यटन संस्थेचं होतं. प्लेगच्या साली आजाऱ्यांना जिथं ठेवत, ती गावाबाहेरची दगडी कोठी लोकांना दाखवायचा त्यांचा विचार होता. साहेबराव गावच्या वाचनालयाचे निवृत्त ग्रंथपाल. कोठीवर त्यांनी कधीकाळी एक पुस्तिका लिहिली होती. म्हणून त्यांनाच विचारलं होतं, की कोठीत किती माणसं मेली, नावं कोणती, आणि बस उभी करायला जागा आहे का?

पुस्तिकेत सात नावं होती. पुढं जुन्या दप्तरातल्यासारखंच लिहिलं होतं, 'व प्रेते उचलणारे दोन इसम'. ते दोघे म्हणजे साहेबरावांचे पणजोबा आणि त्यांचे भाऊ. घरात नावं सगळ्यांना पाठ. पण दप्तरात नसलेली नावं घातली तर लोक म्हणतील, आपलंच घराणं पुढं करतोय. त्या भीतीनं तेव्हा हात आखडला होता, आणि आताही.

पत्राची बातमी सरपंच आनंदरावांना लागली. एवढेच मेले म्हटल्यावर बस कोण पाठवणार? त्यांनी मेलेल्यांची भरतीच काढली.

"आमच्या आज्याला घ्या की, आबा," हौसराव साहेबरावांच्या दारात येऊन बसले.

"अहो, त्यांना तर बैलानं मारलं."

"मंग? बैलाला प्लेग न्हवता कशावरनं?"

आठवड्यात आकडा सव्वीसवर गेला. कोठीवर फ्लेक्स लागला. मेलेल्यांचे फोटो कुठून आणणार? मग वारसांचे लावले. मधोमध, सगळ्यांत मोठे, गॉगल घातलेले आनंदराव. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली'.

रांजणगावला निघालेली कंपनीची बस फ्लेक्स बघून फाट्यावर थांबली. कामगारांनी उतरून लांबूनच हात जोडले. फ्लेक्सचा फोटो मोबाइलवर बघून दौंडहून आनंदरावांची बहीण मुक्ताबाई हंबरडा फोडत आली, तेव्हा आनंदराव ओट्यावर चहा पीत होते.

"जित्ता हायेस तर फोन तरी करायचा, मुडद्या!"

"अक्का, हे पर्यटन हाय."

साहेबराव फ्लेक्ससमोर बराच वेळ उभे राहिले. आनंदराव येताच चाचरत म्हणाले, "सरपंच, यात ते उचलणारे आमचे दोघे नाहीत."

"त्यांचं कुणी सांगितलंच न्हाई, आबा. तुमचा फोटू द्या की. हौसरावाच्या खाली जागा हाय."

साहेबराव घरी आले. बैलानं मारलेल्या माणसाला जागा मिळाली होती. आपल्या दोघांना ती आपणच दिली नव्हती. त्यांनी सुनेकडं, करुणाकडं, कोरा कागद मागितला.

'कोठीत सात जण वारले. त्यांना उचलणारे दोघेही त्याच आजारानं गेले : म्हाळू राघू आणि येसू राघू. माझ्या पुस्तिकेत ही नावं नाहीत. मला ठाऊक होती, लिहायचं धाडस झालं नाही. फ्लेक्सवरचे सर्वजण हयात आहेत. बस उभी करायला जागा नाही. फाट्यापासून चालत यावं लागेल.'

पाकीट चिकटवलं, नावं बरोबर आहेत ना म्हणून फाडलं, दुसरं आणवलं. मग कुणी परत घ्यायला लावू नये म्हणून एसटीनं थेट शिरूरला गेले आणि मनगट आत जाईपर्यंत हात घालून पत्र पेटीत सोडलं.