दुपारची वीस मिनिटं

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं माझा नवरा सुशील लग्नापासून म्हणत आलाय. त्यावरून मी दर वेळी त्याच्याशी भांडले. आता भांडत नाही.

आम्ही जपानात ओजिमाला राहतो, सुशील तोयोसुला ऑफिसात जातो. घरात बसून बसून मी भिंतींशी बोलायला लागले होते, म्हणून इचिकावातल्या एका हायस्कूलमध्ये मदतनिसाची नोकरी धरली. आठवड्यातून तीन दिवस. बाहेरदेशांतून आलेल्या मुलांना जपानी धडे सोपे करून सांगायचे, फॉर्म भरून द्यायचे आणि कुणी रडायला लागलं तर शेजारी बसायचं. हे शेवटचं काम नेमणुकीच्या कागदावर नव्हतं, पण तेच जास्त असायचं. मुलं मला अनघा-सेन्सेइ, म्हणजे अनघाबाई, म्हणतात. मी कुठली आलेय सेन्सेइ, पण ऐकायला बरं वाटतं.

दिएप मला तिथेच भेटली. व्हिएतनामहून चौदाव्या वर्षी आईबरोबर आलेली, आता अठराची, शाळेच्या शेवटच्या वर्षाला. पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत ती माझ्या खोलीत आली, पाच मिनिटांत डबा संपवला, स्वेटरची घडी करून बाकावर ठेवली आणि त्यावर डोकं टेकून चक्क झोपली. मला वाटलं पोरगी आजारी आहे. मी कपाळाला हात लावला, तशी तिने एक डोळा उघडला.

"आमच्याकडे शाळेत जेवल्यावर सगळे झोपतात," ती म्हणाली. आम्ही दोघी जपानीतच बोलायचो, दोघींचं सारखंच तोडकंमोडकं. "बाकं जोडायची, चटया टाकायच्या, पंखा लावायचा. बाई दिवे घालवतात. जो बोलेल तो बाहेर."

मी पुण्याची. मला हसूच आलं. मी तिला सांगितलं, की आमच्या गावात दुकानं एक ते चार बंद असतात आणि त्या वेळात कुणाच्या दारावरची बेल वाजवलीत, तर जे ऐकावं लागेल त्याची तयारी ठेवूनच वाजवायची. तिने गंभीरपणे ऐकून घेतलं.

"तुमचं गाव चांगलं आहे," ती म्हणाली आणि परत झोपली.

तेव्हापासून आमचं ठरून गेलं. ती वीस मिनिटं झोपायची, मी घड्याळाकडे बघत माझा डबा खायचे. एकला पाच मिनिटं असताना मी बाकावर दोनदा टकटक करायचे. ती उठून केस बांधायची, वाकून नमस्कार करायची आणि वर्गात जायची. त्या वीस मिनिटांत मी एक शब्द बोलायचे नाही. सुशीलला हे सांगितलं तेव्हा त्याचा विश्वास बसला नाही.

दिएपला नर्स व्हायचं होतं. आईच्या पाठीचं दुखणं जुनं, त्यामुळे दर महिन्याला दवाखान्यात आईचं बोलणं डॉक्टरांना सांगायचं काम तिचंच. ठणकणं, चमक मारणं, अवघडणं, बधिर होणं, दुखण्याचे सगळे जपानी शब्द तिला येत होते. इतिहासाच्या पुस्तकातले मात्र निम्मे येत नव्हते. लेखी प्रवेश परीक्षेत ती तरली नसती, हे तिलाही ठाऊक होतं. पण इथे कॉलेजात जायचा दुसरा एक रस्ता असतो, शाळेच्या शिफारशीचा. शाळेने नाव पाठवलं की फक्त मुलाखत. नर्सिंगच्या त्या कॉलेजात आमच्या शाळेसाठी एकच जागा होती, आणि सप्टेंबरात त्या जागेवर दिएपचं नाव पक्कं झालं. तिच्या आईने मला डबाभर रोल पाठवले. मी मांस-मासे खात नाही हे लक्षात ठेवून आत नुसत्या शेवया आणि गाजर भरलं होतं.

मग मी माती खाल्ली.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला एकदा सकाळी सहाला फिरायला निघाले होते. ओजिमा स्टेशनजवळ बेंतोचं एक दुकान आहे. तयार जेवणाचे डबे विकतात, सकाळी ऑफिसला जाणारे लोक घेऊन जातात. शटर अर्धवट वर होतं आणि आत पांढरी टोपी घातलेली दिएप डब्यांत भात भरत होती. तिने मला पाहिलं, दचकली, मग हसून वाकली. मीही हात हलवला आणि पुढे गेले. खरं सांगते, मला भरून आलं होतं. आमचे बाबा पहाटे पेपर टाकून आणि कॉलेजच्या 'कमवा आणि शिका'मध्ये झाडांना पाणी घालून शिकले. दर दिवाळीच्या फराळाला ती गोष्ट व्हायची. आमच्या घरात पहिल्या आलेल्या मुलापेक्षा राबून शिकलेल्या मुलाचं कौतुक जास्त. त्या टोपीतल्या मुलीला बघून मला बाबाच आठवले.

पुढच्याच आठवड्यात शिक्षकांची बैठक होती. दिएपचे वर्गशिक्षक मोरिशिता-सेन्सेइ पन्नाशीचे, नीटस, तीन रंगांची तीन पेनं समोर मांडून बसणारे. ते म्हणाले, "दिएप-सान रोज शाळेत झोपते अशी तक्रार आली आहे. आपण जिची शिफारस करतोय तिच्याबद्दल असं येणं बरं नाही. रात्रभर फोन बघते का, काही कल्पना?"

मला रागच आला. तेव्हा एक साधी गोष्ट सांगायची होती, की त्यांच्या देशात शाळेतली मुलं दुपारी झोपतात, एवढंच. पण ते मला फारच किरकोळ वाटलं. झोपायची पद्धत आहे म्हणून झोपते, हे काय सांगायचं? लोक हसतील. मला त्या मुलीची बाजू दणक्यात मांडायची होती.

"फोन कसला," मी म्हणाले. "ती रोज पहाटे उठून बेंतोच्या दुकानात काम करते आणि मग शाळेत येते. आमच्याकडे अशा मुलीचा सत्कार करतात."

सगळे गप्प झाले. मला वाटलं, त्यांनाही भरून आलं. मोरिशिता-सेन्सेइंनी लाल पेन उचललं आणि वहीत काहीतरी लिहिलं.

शाळेच्या परवानगीशिवाय नोकरी करायची नाही, हा नियम मुलांच्या ओळखपुस्तिकेच्या शेवटच्या पानावर छापलेला होता. ते पान मी कधी उलटलंच नव्हतं. दिएपने उलटलं होतं. पण ऑगस्टमध्ये आईची पाठ पार धरली, तिचं कारखान्यातलं काम निम्म्यावर आलं आणि पोरीने हे दुकान धरलं. परवानगीच्या कागदावर आईची सही लागते, आणि आईने सही केली नसती. आईला तिने सांगितलं होतं, की सकाळी मुलाखतीचा सराव असतो.

आठ दिवसांनी शिफारस रद्द झाली आणि कॉलेजला दुसऱ्या मुलीचं नाव गेलं.

मी मोरिशिता-सेन्सेइंच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. म्हटलं, ती कामामुळे झोपत नव्हती हो, पहिल्या दिवसापासून झोपते, दुकान तर आत्ताचं. त्यांच्याकडे शाळाच दुपारी झोपते. पुण्यातही झोपतात. मी बोलत राहिले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"असं आहे होय," ते हळूच म्हणाले. "हे कळलं असतं तर मी तक्रार तिथेच मिटवली असती. अनघा-सान, त्या दिवशी तुम्ही हे का नाही सांगितलंत?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. ओजिमापर्यंत रडत आले, आणि घरी आल्यावर सुशीलने पहिल्यांदाच ते तिळाचं वाक्य म्हटलं नाही.

दिएप तीन आठवडे माझ्या खोलीत आली नाही. जिन्यात दिसली की वाकायची आणि पुढे जायची. हे माझं काम आहे हे तिला ठाऊक नसावं, अशी मी मनाची समजूत घालत होते. सांगायला हवं, हेही रोज ठरवत होते. एरवी नको तिथे उघडणारं माझं तोंड तेवढ्यापुरतं बंद होतं.

वीस नोव्हेंबरला मधल्या सुट्टीत ती आली. हातात पिवळ्या जर्बेराचं एकच फूल, खाली ओला कागद गुंडाळलेला.

"आज आमच्याकडे शिक्षक दिन," ती म्हणाली आणि दोन्ही हातांनी फूल पुढे केलं. "शाळेत भेटवस्तू चालत नाहीत, मी विचारून आले. एक फूल चालतं."

या वेळी तिने आधी विचारलं होतं. मला ते फूल घेववेना.

"दिएप, दुकानाचं मी सांगितलं," मी म्हणाले. "तुझं कौतुक करायला गेले. मला नियम माहीत नव्हता. माझ्यामुळे झालं सगळं."

"मला माहिती आहे," ती म्हणाली. "मोरिशिता-सेन्सेइंनी शिफारस रद्द केल्याचा कागद वाचून दाखवला. त्यात तुमचं नाव होतं."

"मग हे फूल कशाला?"

तिला प्रश्नच नीट कळला नाही असं दिसलं. "आज वीस तारीख आहे. शिक्षकांना द्यायचं असतं. तुम्ही मला शिकवलंत."

मी फूल घेतलं. विचारलं, पुढे काय? ती म्हणाली, शाळा संपली की एप्रिलपासून त्याच दुकानात, दिवसभर. मालक चांगले आहेत. परवानगीच्या कागदावर आईने आता सही केली होती, पण अजून तिच्याशी नीट बोलत नव्हती. हे सगळं तिने दवाखान्यात सांगावं तसं सांगितलं, कुठे किती दुखतंय ते नेमकं आणि स्वतःबद्दल नसल्यासारखं.

घड्याळात बारा पस्तीस झाले होते. मी तिचा नेहमीचा बाक मोकळा केला. "झोप थोडा वेळ. मी उठवते."

तिने बाकाकडे पाहिलं. तिचे डोळे लाल होते, पहाटेपासून उभी असणार.

"नको, सेन्सेइ. मी आता शाळेत झोपत नाही," ती म्हणाली. "झोपले तर कुणालातरी परत माझ्या बाजूने बोलावं लागेल."

ती वाकली आणि दार हळूच लावून घेऊन गेली. फूल हातात धरून मी तशीच बसून राहिले. एकला पाच मिनिटं असताना माझ्या बोटांनी आपोआप बाकावर दोनदा टकटक केली.