कोकोची चिमूट

"पुरुषांच्या वॉर्डात जाऊन मिशा कापता का हो, मेट्रन?"

मावशीने विचारलं आणि बायकांच्या हाडांच्या वॉर्डातल्या अठराच्या अठरा खाटा चिडीचूप झाल्या. मावशीचा आवाजच तसा. ती तळमजल्यावर शिंकली की तिसऱ्या मजल्यावर सलाईनचे थेंब चुकतात, असं वॉर्डबॉय शपथेवर सांगायचे. तीसेक वर्षं तिने याच वॉर्डात बेडपॅन उचलले होते, पण मान कधी खाली घातली नव्हती.

मेट्रनने भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवलं. उठता न येणाऱ्या सगळ्या बायकांचे केस गुरुवारी कापायचे. "धुवायला माणसं नाहीत, मावशी. सोय म्हणून करतोय."

"कुणाची सोय?"

सात नंबरच्या खाटेवर टेलिफोनबाई होत्या. मांडीचं हाड मोडलेलं, पायाला वजन टांगलेलं, तीन आठवडे डोक्याला पाणी नाही. उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेला. साठीतही काळीभोर, कमरेपर्यंतची वेणी. बोलण्याआधी ती खांद्यावरून पुढे घ्यायची त्यांना सवय होती.

"मावशी, शुक्रवारी धाकटी बहीण येतेय हो. नऊ वर्षांनी," मेट्रन गेल्यावर त्या हळूच म्हणाल्या. "लहानपणी रस्ता ओलांडताना ती माझा हात धरायची नाही. वेणी धरायची. तेवढी राहू दे."

"राहील. मी काय मेले की काय?"

सोमवारी मावशी बिनपाण्याने केस साफ करायच्या पावडरीचा डबा घेऊन आली. चार चमचे कॉर्नफ्लॉवर, चिमूटभर खायचा सोडा, आणि काळ्या केसांत पांढरं दिसू नये म्हणून कोको. दाढीच्या ब्रशने बट-बट वेगळी करून तिने पावडर मुळांशी लावली.

"आता दहा मिनिटं हलायचं नाही."

"पायाला पाच किलो बांधलंय, मावशी. पळून कुठे जाऊ?"

पिठाने तेल शोषलं, फणीने पावडर झडली, केस नव्या नवरीसारखे मोकळे झाले. मावशी ऐटीत घरी गेली.

फक्त एक चुकलं. कोको नातीच्या दुधातला होता. साखर घातलेला.

मंगळवारी सकाळी खिडकीपासून सात नंबरच्या उशीपर्यंत मुंग्यांची अशी शिस्तीत रांग लागली होती, की केसपेपरच्या खिडकीवरच्या माणसांनी येऊन धडा घ्यावा. मेट्रनने उशी दोन बोटांत धरून वॉर्डभर मिरवली. "हे तुमचं ब्युटी पार्लर!"

"चूक माझी," मावशी म्हणाली. "बिनसाखरेचा आणते. गुरुवारी केस हुंगून बघा. वास आला तर बाईंचे राहू द्या, माझे कापा."

"बघू गुरुवारी," मेट्रन म्हणाली.

बुधवारी मावशीची सुट्टी. तिने पाच दुकानं पालथी घालून बिनसाखरेचा, कडूजहर कोको मिळवला आणि जिभेवर ठेवून खात्री केली. गुरुवारी सातच्या ठोक्याला ती वॉर्डात शिरली.

सात नंबरच्या उशीवर कातरलेलं डोकं होतं. बाईंचा हात खांद्यापर्यंत गेला, तिथे काही न सापडून परत आला.

"काल," बाई म्हणाल्या. "तुमची सुट्टी बघून."

मावशीचा तो प्रसिद्ध आवाज फुटलाच नाही. ती मेट्रनच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली. "गुरुवार म्हणाला होतात."

"एक दिवस इकडेतिकडे. केसच आहेत, मावशी. परत येतील."

"साठीत?" एवढंच ती म्हणाली.

मग तिने हातमोजे चढवले आणि मागच्या दारचं कचऱ्याचं पिंप उपडं केलं. बँडेजच्या कागदांखाली वेणी होती, शेंड्याला रबर तसंच.

शुक्रवारी सकाळी तिने ती टेबलावर, मेट्रनच्या नाकासमोर पसरली. बट-बट सोडवून पावडर लावली. पूर्ण दहा मिनिटं थांबली. पाच नंबरची घंटा वाजली तेव्हा मेट्रन स्वतः उठून गेली, कुणाला हाक न मारता. मावशीने विंचरून पुन्हा घट्ट वेणी घातली, बाईंच्या डोक्याला धुतलेला रुमाल बांधला आणि वेणीचं वरचं टोक त्यात खोचलं.

"उशी बघा आता, मेट्रन. एक मुंगी दाखवा."

मेट्रनने उशीकडे पाहिलं नाही.

चार वाजता बहीण आली. पन्नाशी उलटलेली बाई, पण खाटेपाशी येताच तिने बोलण्याआधी वेणीचा शेंडा मुठीत धरला.

"अजून तश्शीच गं, ताई!"

"मग?" टेलिफोनबाई म्हणाल्या. त्यांचा डावा हात मानेखाली होता. रुमालाआड वेणीचं वरचं टोक त्यांनी घट्ट धरून ठेवलं होतं.