गरम प्लग, थंड प्लग

आमच्या ह्यांची राजदूत मोटरसायकल अजून माधवनगरच्या घरासमोर पत्र्याच्या शेडखाली उभी आहे. हे जाऊन चार वर्षं झाली. मुलगा जयराज पुण्याहून फोनवर म्हणतो, "आई, विकून टाक ती." मी ऐकून घेते. दर रविवारी दहा मिनिटं तिचं इंजिन चालवायचं असं मी ठरवलं, आणि त्यासाठी बिराप्पा येऊ लागला.

बिराप्पा मूळचा माणमधला. वडील मेंढरं राखायचे. हा इथे येऊन मेकॅनिक झाला. ह्यांनी गाडीला त्याच्याशिवाय दुसऱ्याचा हात कधी लागू दिला नाही. आता त्याचीच साठी जवळ आली आहे. गाडी सरळ चालू व्हायची नाही. तो प्लग काढायचा, टोकावरची ओली काजळी पॉलिश पेपरने घासायचा, पुन्हा बसवून किक मारायचा. मध्ये चहा व्हायचा. सुनेच्या तक्रारी, गावाकडच्या पावसाची बातमी, ह्यांच्या आठवणी. दीड तास सहज जायचा. बाकीचे सहा दिवस माझ्या घरात आवाज म्हणजे कुकरचा, नाहीतर टीव्हीचा.

एका रविवारी त्याने चष्मा लावून प्लगवरचा नंबर वाचला.

"काकू, ह्यो कुणी बसवला?"

"का रे?"

"थंड प्लग हाय ह्यो. म्हणून तर काळा हुतोय. अन् मी आपला येड्यागत घासत बसलोय वरीसभर!"

मला कबूल करावं लागलं. गेल्या वर्षी तो जत्रेला गावी गेला असताना मीच सांगलीहून नवा प्लग आणून शेजाऱ्यांकडून बसवून घेतला होता. दुकानदाराने विचारलं होतं, गरम देऊ की थंड? वैशाखाचे दिवस. शिवाय ह्या गाडीच्या सायलेन्सरने एकदा माझी पोटरी चांगली भाजली होती. इतक्या तापट गाडीला आणखी गरम कशाला? थंडच द्या, म्हटलं.

बिराप्पा हसता हसता शेडच्या खांबाला टेकला. "आवं काकू, प्लग म्हंजी काय सब्जाचं पाणी हाय व्हय, उन्हाळा आला की थंड द्यायला!"

मग त्याने नीट सांगितलं. थंड प्लग आपली उष्णता लगेच इंजिनाला देऊन टाकतो. जोरात, लांब पळणाऱ्या गाडीला तो बरा. गरम प्लग उष्णता टोकाशी धरून ठेवतो आणि आपली काजळी आपणच जाळतो.

"काका कितीनं चालवायचे?"

"तीसच्या वर कधीच नाही. मी मागे एका बाजूला बसायची ना. तासगावच्या रस्त्याला ट्रॅक्टर आमच्या पुढे जायचे."

"अन् पेट्रोलमधी ऑइल?"

"मापापेक्षा जास्तच. इंजिनाला कमी पडायला नको म्हणून."

"बघा! अन् आता तर नुसती जागेवरच चालती. काजळी धरणारच. हिला गरमच पायजे." त्याने कॅलेंडरचा कोपरा फाडून त्यावर नंबर लिहून दिला. "ह्यो एकदा बसला की दूधवाला पप्पूबी एका किकीत चालू करंल. मला यायची गरजच न्हाई."

तो अगदी आनंदाने बोलला. हल्ली किक मारताना तो गुडघा धरायचा, ते मी पाहत होते.

मंगळवारी एसटीने सांगलीला गेले. दुकानदाराने काउंटरवर दोन डब्या ठेवल्या. दिसायला सारख्या, नंबरात एका आकड्याचा फरक. "आजी, कुठला?" मी दोन्ही हातात घेऊन उभी राहिले. थंड घेतला तर पुढचे रविवार माझे होते. बिराप्पा दोन शब्द बोलला असता आणि घासत बसला असता. मागचा माणूस घाई करू लागला.

"गरम द्या," मी म्हटलं.

रविवारी गाडी पहिल्या किकीला चालू झाली. थोडा धूर आला, मग आवाज एकसारखा लागला, ह्यांच्या वेळी लागायचा तसा.

"क्लचची वायर बघ जरा," मी म्हटलं.

"लय झ्याक हाय."

"आणि ब्रेक?"

"त्योबी. काकू, आता काळजीच सोडा."

उभ्याउभ्याच चहा पिऊन तो गेला. पुढचे दोन रविवार पप्पूने दुधाची किटली खाली ठेवून किक मारली. "झालं आजी," म्हणाला, आणि गेला.

बुधवारी मी फोन लावला.

"बिराप्पा, मी काकू बोलतेय."

"प्लग काळा झाला व्हय?"

"नाही रे. गाडी चांगली आहे."

"मग?"

"मग काही नाही. रविवारी येऊन जा."

"येऊन करू काय?"

त्याला खरंच कळत नव्हतं. मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बस जरा," म्हटलं. "गाडीचं काम नाही. मलाच करमत नाही."

पलीकडे गॅरेजमध्ये कुणीतरी हातोडीने काहीतरी ठोकत होतं. त्याने त्याला थांबायला सांगितलं.

"ह्या रविवारी भाच्याचं लगीन हाय," तो म्हणाला. "पुढच्याला येतो."

मी बरं म्हटलं.