सातव्या गाण्याचा फगवा

मी एक अल्बम आहे. माझ्यात नऊ गाणी, एक इलेक्ट्रिक गिटार, एक ड्रमसेट, दोन डफडी, एक हार्मोनियम, चार माणसांचे आवाज आणि एक पत्र्याची बादली आहे. हे सगळे नखाएवढ्या पेन ड्राइव्हमध्ये मावते, याचे मला अजून नवल वाटते.

मित्रांनो, माझा जन्म शेलूबाजारला, फय्याजच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानामागे झाला. आवाज घुमू नये म्हणून त्याने भिंतींना बारदाना लावला होता. गिटार त्याची. त्याची बहीण जिकरा हार्मोनियमवर कव्वाली गायची. जवळच्या तांड्यावरची निता गाणी लिहायची, तिचा भाऊ राजपाल डफडे आणि ड्रम वाजवायचा. गिटार कडाडली की कव्वाली वर चढायची आणि मधूनच लेंगी, म्हणजे बंजाऱ्यांचे होळीचे गाणे, घुसायचे. सुरुवातीला प्रत्येक जण आपलाच आवाज वाढवायचा. हळूहळू ते एकमेकांचे ऐकू लागले.

माझी नऊ गाणी मिळून एकच गोष्ट सांगतात. तांड्यावर नळ बसतो, फलक लागतो, फोटो निघतो. माणसे ऊसतोडीला जातात. मतदानाच्या दिवशी त्यांना आणायला गाडी येते. बोट शाईने भिजते, नळ कोरडाच राहतो. सातव्या गाण्यात त्या नळाचा खरा आवाज आहे: तोटी फिरवल्यावर निघणारी हवेची शिट्टी.

निताचा हट्ट एकच होता. ज्या तांड्याची ही गोष्ट, त्याने मला सर्वांच्या आधी आणि अख्खे ऐकावे. त्यासाठी सरपंच हेमसिंग यांची परवानगी हवी होती. सहा गाण्यांपर्यंत ते मान डोलावत होते. सातव्याला थांबले.

"पोरी, एवढं एक काढून टाक. मंग दिवसभर वाजव."

"काका, सातवं काढलं तं आठव्यात रिकामी बादली कायले वाजते, हे कोनाले समजन?"

ते काही ऐकेनात. जिकरा म्हणाली, सध्या काढू, नंतर परत घालू. मी फार घाबरलो. ऊसतोडीहून परतलेली निताची आई चंदाबाई मात्र हसली. तिने होळीचा दिवस ठरवला.

होळीच्या लेंगीत कोणालाही टोमणा मारता येतो. ज्याला राग येईल, त्याने बायका मागतील ती भेट, म्हणजे फगवा, द्यायची. मी ट्रॅक्टरवरच्या मोठ्या बॉक्समधून वाजू लागलो. शिट्टी आली आणि पोरेही शिट्ट्या मारू लागली. हेमसिंग बॉक्स बंद करायला उठले. चंदाबाईची काठी आडवी आली.

"भाऊ, राग आला ना? मंग फगवा द्या."

त्यांनी खिशात हात घातला.

"पैसे नाई पायजे. नळाची शिट्टी बंद करा. आन बसा, दोन गानी राह्यली."

सगळा तांडा हसला. शेवटी हेमसिंगही हसले आणि बसले.

मित्रांनो, मला जपायचे तर अख्खे जपा. मधले एखादे गाणे कुणी काढायला सांगितले, तर आधी तेच नीट ऐका.

पंधरवड्याने राजपाल शिट्टी पुन्हा टिपायला नळावर गेला, कारण आधीच्या वेळी मागे बोकड ओरडला होता. त्याने खाली बादली ठेवली आणि तोटी फिरवली. पंधरा लिटरची बादली तीन मिनिटे दहा सेकंदांत भरली.