पलंगावरून खुर्चीत

बाई सरकत्या गादीवर उताण्या पडल्या होत्या आणि त्यांचे दोन्ही पाय पट्ट्यांत अडकवून वर टांगलेले होते. शेजारच्या तसल्याच यंत्रावर त्यांची लेक झोकात पुढेमागे सरकत होती. पिलाटीज नावाच्या व्यायामाच्या या स्टुडिओत सगळं पांढरं आणि सगळं हळू. शिकवणारी मुलगी श्वास बरगड्यांत घ्या म्हणून सांगत होती. बाईंच्या मनात आलं, आयतं आडवं व्हायला मिळालंय तर जरा डोळा लागला तर काय बिघडलं. पण पाय टांगून झोप येणार कपाळ! छताकडे बघत त्या पडून राहिल्या.

हे सगळं लेकीने काढलेलं. गेल्या आठवड्यात नवऱ्याला पलंगावरून चाकाच्या खुर्चीत घेताना बाईंच्या कंबरेत उसण भरली आणि ते त्यांच्या हातांतून घसरत जमिनीवर बसले. वरच्या मजल्यावरच्यांना हाका मारून त्यांना उचलावं लागलं. अर्धांगाचा झटका आल्यापासून नवऱ्याची उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, वजन तेवढं जागच्या जागी राहिलं. सकाळी मदतनीस येते. बाई चष्म्याच्या दुकानातल्या कामावरून परतल्या की पुढचं सगळं त्यांच्याच अंगावर.

 दुसऱ्या दिवशी लेक बोलली. बाबांसाठी एक चांगली जागा बघितलीय म्हणाली, तिथे रात्रंदिवस नर्स असते. बाई म्हणाल्या, मी काय मेलेय का? त्यावरून दोघींची चांगलीच जुंपली. शेवटी ठरलं ते असं, की आधी बाईंची कंबर सुधारते का बघायचं. नाही सुधारली तर बाबा तिकडे.

तास संपल्यावर बाईंनी शिकवणाऱ्या मुलीला विचारलं, हे करून माणूस उचलता येईल का. मुलगी गोंधळली. आम्ही शरीराची ठेवण आणि तोल यांच्यावर काम करतो, म्हणाली. बिचारीची काही चूक नव्हती. तिला असलं कुणी विचारलंच नसणार.

बाहेर आल्यावर लेक म्हणाली, इथेच नाव घालू, तुझ्या वयाला झेपेल. बाई रस्त्यापलीकडे बघत होत्या. तिथे हायब्रिड जिमची भली मोठी पाटी होती.

"आई, तिथे लोखंड उचलतात."

"मग मला काय कापूस उचलायचाय?"

आत अर्ध्या भागात त्याच सरकत्या गाद्या आणि अर्ध्यात वजनं मांडलेली होती. घामाचा आणि रबराचा वास येत होता. समोर आली ती बारीक केस कापलेली, भरभक्कम खांद्यांची बाई. पैलवान आहे, लेक कानाशी कुजबुजली. आईची पाठ दुखते, वगैरे लेकीने सांगायला घेतलं, पण पैलवानबाई तिच्याकडे बघतच नव्हत्या.

"काकू, तुम्ही सांगा. कशासाठी यायचंय?"

"ह्यांना उचलायचंय," बाई म्हणाल्या. "दुसरं काही नको मला."

मग पैलवानबाईंनी एकेक विचारून घेतलं. पलंग केवढा उंच, खुर्ची कुठल्या बाजूला, अंगात जोर कुठल्या बाजूला उरलाय. त्यांनी एक बाक ओढला, त्याला खुर्ची लावली. आता तुम्ही काका व्हा, म्हणाल्या, आणि अंग सैल सोडा, मला जराही मदत करायची नाही.

बाई आडव्या झाल्या. त्यांना कुशीवर वळवलं गेलं. खांद्यांमागून एक हात आला, पाय बाकावरून खाली सोडले गेले आणि त्या बसत्या झाल्या. गुडघ्याला गुडघा लागला, कंबरेला घट्ट विळखा पडला आणि त्या उचलल्या गेल्या. मान आपोआप समोरच्या खांद्यावर टेकली. आईने कडेवर घेणं थांबवल्यापासून त्यांना कुणी उचललंच नव्हतं. फार बरं वाटलं, इतकं की त्यांना लाज वाटली. मग त्या अलगद खुर्चीत होत्या.

"कळलं?"

बाईंना सगळं कळलं होतं. हातांनी ओढायचं नाही, आपलं वजन मागे टाकायचं आणि वळायचं.

"नाही," त्या म्हणाल्या. "पुन्हा दाखवा."

पैलवानबाईंनी पुन्हा दाखवलं, या वेळी अगदी सावकाश. लेक मध्येच म्हणाली, अगं सोपं आहे, घरी मी समजावते ना. बाईंनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. खुर्चीत टेकल्यावर त्या क्षणभर तशाच बसल्या, मग उठल्या, स्वतःच बाकावर जाऊन आडव्या झाल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

पैलवानबाई काही न विचारता पुढे वाकल्या. लेक आईकडे बघत राहिली. आईच्या तोंडावर असली विश्रांती तिने कधी बघितली नव्हती. तिने खांद्यावरची पिशवी उतरवून भिंतीशी ठेवली, बाह्या वर सारल्या आणि ती पैलवानबाईंच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"थांबा," ती म्हणाली. "मला सांगा, हात कुठून घालायचा?"

बाईंनी डोळे उघडले नाहीत. अंग मात्र त्यांनी आणखी सैल सोडलं.